कुत्र्याच्या किरकोळ जखमा

परभणी जिल्ह्यात कुत्र्याला जखम होते ती बहुतेक वेळा रानात. ज्वारी काढल्यावर उभी राहणारी धसकटे, तुरी कापल्यानंतरचे टोकदार खुंट, बांधावरच्या बाभळी-बोरी, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ, रानडुकरे आणि रोही आत येऊ नयेत म्हणून वावराभोवती ओढलेली काटेरी तार; राखणीच्या कुत्र्याची दिवसभरात यांतल्या कशाशी तरी गाठ पडतेच. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात दगड-कपारींनी तळवे सोलवटतात. परभणी, सेलू, गंगाखेड, पूर्णा अशा गावांत फुटकी बाटली, पत्र्याची कड, दुचाकीचा धक्का आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुत्र्याचा दात.

यांतल्या बऱ्याच जखमा घरच्या घरी बऱ्या होतात, आणि त्यासाठी लागणारे सामानही थोडे व स्वस्त असते. घोटाळा होतो तो क्रमात. जखम दिसली की हळद, चुना, फिनेल, डिझेल यांपैकी हाताला लागेल ते आधी ओतले जाते आणि पाण्याने धुणे राहून जाते. किरकोळ जखम चिघळण्याचे हे नेहमीचे कारण.

कातडीखाली काय चालले आहे

कुत्र्याची कातडी अंगावर सैल असते. मानेवरची तर चिमटीत धरून सहज उचलता येते. त्यामुळे जखम वरून जेवढी दिसते तेवढीच आत असेल, असे धरून चालता येत नाही. दुसऱ्या कुत्र्याने चावा घेऊन हिसडा दिला की सुळा आत जातो, कातडी खालच्या मांसापासून सुटते आणि सुळा बाहेर येताच वरचे भोक मिटल्यासारखे होते. बाहेर अर्ध्या सेंटीमीटरचे छिद्र आणि केसांत थोडे वाळलेले रक्त एवढेच दिसते. आत मात्र तळहाताएवढी पोकळी झालेली असू शकते, आणि त्या पोकळीत लाळ, केस आणि माती असते. दोन-तीन दिवसांनी जागा सुजते, गरम लागते आणि पू धरते. रानडुकराच्या सुळ्याची जखम याहून फसवी. पोटावर किंवा बरगडीवर ती झाली असेल, तर छिद्र कितीही लहान असो, तिला किरकोळ म्हणता येत नाही.

मराठवाड्यात हौसेने पाळला जाणारा कारवान जातीचा कुत्रा याबाबतीत जास्त नाजूक. उंच, सडपातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाही, केस आखूड, कातडी पातळ. पळता पळता तारेला नुसते घासले तरी त्याची कातडी लांबलचक फाटते, तिथे गावठी कुत्र्याला फार तर ओरखडा उठतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्या-कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते, इतकी या भागात कुत्र्याची हौस आहे. पण फाटलेल्या कातडीला वेळेत टाके घालून घेण्याबाबत ती हौस अनेकदा कमी पडते. टाके घालायची जखम पहिल्या सहा ते आठ तासांत पशुवैद्यकापुढे गेली तर सर्वांत बरे. त्यानंतर जंतू वाढलेले असतात आणि जखम तशीच बंद केली तर आत पू कोंडतो.

मग घरी बरी करण्याजोगी जखम कोणती? ओरखडा, खरचटणे, दोन-एक सेंटीमीटरपर्यंतचा आणि कडा फाकलेल्या नाहीत असा उथळ काप, तुटलेले नख, तळव्याच्या गादीवरची वरवरची चीर. पाच-दहा मिनिटे दाब दिल्यावर रक्त थांबले पाहिजे आणि कुत्र्याने त्या पायावर भार टाकला पाहिजे. डोळा, सांधा, छाती, पोट आणि गुप्तांगाजवळची जखम या हिशेबात येत नाही. कोणत्याही चाव्याची जखमही नाही. पाय किंवा थोबाड झपाट्याने सुजत असेल आणि सुजेत दोन टोचे दिसत असतील, तर घोणस किंवा नाग चावल्याची शक्यता आधी धरावी. तिथे चीर देणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये; जनावर शक्य तितके शांत ठेवून थेट दवाखाना गाठावा.

आधी मुसके

दुखावलेले कुत्रे चावते, घरचे असले तरी चावते. बैलाला मुसके घालतात तसे त्यालाही घालावे: मऊ पट्टी किंवा जुन्या ओढणीची चिंधी नाकाच्या मागे जबड्याभोवती एकदा आवळायची, टोके हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधायची. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. कुत्रे धापा टाकत असेल, उलटी करत असेल किंवा चपट्या नाकाच्या जातीचे असेल तर मुसके घालू नये. कुत्र्याला घामावाटे अंग थंड करता येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा उपाय. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे गेलेला असताना तोंड बांधून ठेवले तर जखमेपेक्षा उष्माघाताने ते आधी जाईल. अशा वेळी एकाने डोके छातीशी धरावे, दुसऱ्याने काम करावे, आणि तेही सावलीत.

रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्याने दाबावे आणि पाच मिनिटे उचलून पाहू नये. दर अर्ध्या मिनिटाला डोकावले की नुकतीच धरू लागलेली गुठळी निघून येते. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे. कानाची पाळी चिरली असेल तर रक्त फार दिसते, कारण कुत्रे डोके झटकते आणि भिंतीभर शिंतोडे उडतात. कान डोक्यावर दुमडून कापडाने हलका बांधला की तो थांबतो. नख मुळाशी तुटले असेल तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोर चिमटीने दाबून धरावे. पंधरा किलोच्या कुत्र्याच्या अंगात सारे मिळून सव्वा लिटरच्या आसपास रक्त असते, म्हणून चिळकांड्या उडणारे रक्त पाहत बसायचे नसते. हिरड्या गुलाबी आहेत ना, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो ना, हे पाहावे. हिरड्या पांढुरक्या पडल्या तर दाब कायम ठेवूनच निघावे.

धुणे

रक्त थांबल्यावर जखमेभोवतीचे केस कापायचे. त्याआधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेली थोडी भरली तर कापलेले केस तिला चिकटतात आणि धुताना निघून जातात. नाहीतर प्रत्येक केस आत जाऊन बसतो. बोथट टोकाची कात्री चालते, कातडीशी समांतर धरून.

जखम धुण्यासाठी मिठाचे पाणी पुरेसे आहे. एक लिटर पाणी उकळून गार करायचे आणि त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा मीठ घालायचे. हे प्रमाण शरीरातल्या द्रवांशी जुळते, म्हणून पेशींना इजा होत नाही. मीठ जास्त झाले की झोंबते, आणि एकदा झोंबले की कुत्रे पुढच्या वेळी जवळ येत नाही. हे पाणी नुसते ओतून भागत नाही, त्याला थोडा जोर लागतो. बिनसुईची २० मिलीची सिरिंज उत्तम. ती नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडून बाटली दाबावी. धार तिरपी मारायची, म्हणजे माती आत न ढकलता बाहेर वाहून जाते. परभणीची काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की घट्ट, तेव्हा एका बाटलीत काम आटोपत नाही. खाली पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावे. लहानशा चिरेलाही अर्धा लिटर लागू शकते. घाई असेल तर उकळण्याची वाट पाहू नये, पिण्याच्या नळाच्या पाण्याने सुरुवात करावी.

वर दिसणारा काटा चिमट्याने ज्या रेषेत शिरला त्याच रेषेत मागे ओढून काढावा. खोल रुतलेली काडी, तार किंवा काच घरी ओढू नये. कधी कधी तिनेच रक्तवाहिनी बुजवलेली असते.

काय लावावे, काय लावू नये

धुतल्यानंतरचे औषध दुय्यम आहे, आणि ते एकच असावे. पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग एवढे पातळ केले की फिक्या चहाचा रंग येतो. हा रंग आला की प्रमाण जमले. तेच दाट वापरले तर जंतूंबरोबर नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. क्लोरहेक्सिडीन ०.०५ टक्के इतके पातळ करून तेवढेच उपयोगी पडते, मात्र डोळ्यात आणि कानात ते जाऊ देऊ नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान मिळते, पण त्याने जखम भरणे लांबते. स्पिरिट आणि टिंचर आयोडीन झोंबतात, बाकी फायदा काही नाही.

हळदीचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. हळदीत जंतुरोधक गुण आहेत, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. स्वच्छ धुतलेल्या ओरखड्यावर चिमूटभर हळद आणि खोबरेल लावल्याने बिघडत नाही. खोल छिद्रात कोंबलेली हळद मात्र वाळून बूच बनते, खाली पू साचतो आणि वरून पिवळ्या थरामुळे जखमेचा रंगच कळत नाही. कोणत्याही पावडरीचे हेच होते. मध स्वच्छ जखमेवर खरोखर उपयोगी आहे, कारण तो जखमेतला ओलावा ओढून घेतो आणि जंतूंना वाढू देत नाही. पण वर पट्टी नसेल तर मुंग्या लागतात आणि पहिला घास कुत्राच घेतो.

फिनेल, डेटॉल, रॉकेल, डिझेल, बॅटरीचे पाणी, चुना, मिरचीपूड यांना कुत्र्याच्या अंगावर जागा नाही. जे अंगाला लावले ते तासाभरात पोटात जाणार हे धरूनच चालावे लागते, कारण कुत्रे चाटते. त्याच कारणाने झिंक ऑक्साइडचे मलम आणि टी-ट्री तेलही टाळावे. खाजेसाठी घरात असलेल्या मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. त्याने लाली ओसरते, पण जखम भरायची थांबते. दुखते म्हणून माणसाची गोळी देणे सर्वांत घातक. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅकचा जनावरांतला वापर भारतात २००६ साली बंद झाला तो गिधाडांसाठी, कारण हे औषध टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की ती मरत. कुत्र्यालाही ते सोसत नाही, हे मात्र फारसे कुणाच्या कानावर गेलेले नाही.

लोखंड लागले म्हणून कुत्र्याला धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे का, असेही विचारले जाते. माणूस आणि घोडा यांच्या मानाने कुत्र्याला धनुर्वात क्वचित होतो, म्हणून त्याला ही लस नेहमी देत नाहीत. तीच तार मालकाच्या हाताला लागली असेल तर मालकाने मात्र टोचून घ्यावे.

चाटणे आणि पट्टी

कुत्र्याच्या जिभेत औषध असते हा समज जुना आहे. लाळेत थोडे जंतुरोधक घटक असतात, पण त्याच तोंडात जंतूंची वस्तीही असते आणि खरखरीत जीभ नवी कातडी सोलून काढते. एका रात्रीच्या चाटण्याने आठवड्याची भर वाया जाते. दवाखान्यात मिळणारा प्लॅस्टिकचा कोन गळ्यात घालणे सर्वांत सोपे. खेड्यात बुडाचा गोल कापून जुनी प्लॅस्टिकची बादली गळ्यात घालतात, तीही चालते, फक्त कापलेल्या कडेला कापडी पट्टी चिकटवावी. धडावरची जखम लहान मुलाच्या जुन्या बनियनने झाकली जाते.

पट्टी प्रत्येक जखमेला लागत नाही. ओरखडा उघडाच बरा. पंजाला ती लागते, कारण तिथे पावलागणिक माती जाते. बोटांमध्ये कापसाचे पातळ बोळे ठेवावे, जखमेवर न चिकटणारी गॉज, त्यावर कापूस आणि मग पट्टी खालून वर गुंडाळत न्यावी. मधली दोन नखे बाहेर दिसत राहिली पाहिजेत. ती एकमेकांपासून फाकली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली असे समजून लगेच सोडावी. पट्टीखाली बोट शिरले पाहिजे. पावसात फिरवताना वरून दुधाची पिशवी बांधावी आणि घरी आल्याबरोबर काढावी. पट्टी रोज बदलायची. ओली झाली तर दिवसातून दोनदा. रबरबँड कधीही लावू नये. तो केसांत दिसेनासा होतो आणि दोन-चार दिवसांत कातडी कापत हाडापर्यंत जातो.

गळ्याचेही असेच होते. पिल्लू असताना बांधलेली सुतळी किंवा नायलॉनची दोरी कुत्रे वाढले तरी तशीच राहते आणि मांसात रुतते. केसाळ कुत्र्यात वास येईपर्यंत कळत नाही. ही दोरी घरी उपसून काढू नये, कारण तिच्याखालीच मोठ्या शिरा असतात.

जखमेत किडे पडणे

पावसाळ्यात मराठवाड्यात कुत्र्याची जखम बिघडते ती बहुधा माशीमुळे. निळसर-हिरव्या चकाकत्या माश्या ओल्या, उघड्या जखमेच्या कडेला अंडी घालतात. काही जाती दीडशे-दोनशे अंड्यांचा पुंजका एका बैठकीत घालतात. बारा ते चोवीस तासांत अळ्या निघतात, आठवडाभर जिवंत मांस खातात आणि मग कोषात जाण्यासाठी मातीत पडतात. म्हणजे सकाळी स्वच्छ दिसलेली जखम दुसऱ्या दिवशी वळवळताना दिसते, यात नवल नाही. कान, शेपटीखालची जागा आणि मान या ठरलेल्या जागा, कारण तिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही किंवा सतत ओल राहते. कुत्रे अंधाऱ्या कोपऱ्यात, कणगीमागे, बाजेखाली जाऊन बसू लागले, एकच जागा पुन्हापुन्हा चाटू लागले आणि कुबट गोडसर वास आला, तर केस बाजूला सारून पाहावे.

अळी मांसात तोंड खुपसून उलटी बसते. तिची श्वासाची छिद्रे मागच्या टोकाला, वर असतात. टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर धरला की अळ्या बाहेर येतात त्या या रचनेमुळे; वाफेने त्यांचा श्वास कोंडतो. पशुवैद्यक हा उपाय बेताने करतात, कारण टर्पेंटाइन मांस जाळते आणि चाटल्यास विषारी ठरते. घरी चार-सहा अळ्या वर दिसत असतील तर चिमट्याने एकेक काढाव्या, मिठाच्या पाण्याने धुवावे आणि जखमेच्या आत नव्हे तर भोवतीच्या कातडीवर माश्या पळवणारा जनावरांचा फवारा मारावा. भोक खोल असेल तर हे घरचे काम नाही. आत मेलेल्या अळ्या सडतात आणि विष अंगात भिनते.

बालाघाटच्या रांगांत सीताफळ भरपूर, म्हणून त्याचा पाला वाटून किड्यांवर लावण्याची रीत जुनी आहे. सीताफळात कीटकनाशक द्रव्ये आहेत, तेव्हा रीत निराधार नाही. बियांची पूड मात्र डोळ्यात गेली तर बुबुळ भाजते, आणि कानाच्या जखमेतून ती डोळ्यापर्यंत जायला कुत्र्याने एकदा डोके झटकणे पुरते. गाई-म्हशींसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे हा नवा प्रकार त्याहून वाईट. कोली वंशाच्या आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांच्या मेंदूवर त्याचा घातक परिणाम होतो.

चावा आणि पिसाळ

दुसऱ्या कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा मुंगसाने चावले असेल तर जखम धुण्याचा नियम बदलतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे, हातांत मोजे घालून. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि साबणाने त्याचे आवरण फुटते. धुणाऱ्याच्या बोटाला चीर असेल तर चावणाऱ्या जनावराची लाळ त्यातून जाऊ शकते, म्हणून मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर चढवाव्या. त्यानंतर आपले कुत्रे त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आधी लस झालेली असेल तर जादा डोस लगेच दिला जातो. झालेली नसेल तर भारतात सहसा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी टोचतात. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर त्यावर दहा दिवस नजर ठेवावी. मूळ बचाव म्हणजे तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे दरवर्षी एक. घरातल्या माणसाला दात लागला तर तोच साबण, तीच पंधरा मिनिटे आणि लगेच सरकारी रुग्णालय. चुना-मिरची लावून दुखणे अंगावर काढू नये.

परभणीत यासाठी सोय बरी आहे. १९७२ साली सुरू झालेले आणि आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली असलेले पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय शहरातच आहे आणि त्याच्या चिकित्सालयात बाहेरची जनावरे तपासतात. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. फोनवर जखम केव्हाची, कशाने झाली, रक्त थांबले का आणि लस केव्हा झाली, एवढे सांगितले की पुढचे काम सोपे होते.

भरत आलेली जखम

पहिले तीन-चार दिवस कडा लाल, किंचित सुजलेल्या आणि स्पर्शाला गरम असतात. हे बिघडल्याचे लक्षण नाही. त्यानंतर तळाशी दाणेदार, ओलसर, गुलाबी मांस दिसू लागते. ते बोट लावताच रक्ताळते, म्हणून ते पाहून अनेकजण घाबरतात आणि पुन्हा जळजळीत औषध ओततात. खरे तर हीच भरण्याची खूण, आणि आता मिठाच्या पाण्याशिवाय काही नको. पुढे कडा रोज मिलिमीटरपेक्षाही कमी अंतराने आत सरकतात. कुत्र्याचा ताप गुदद्वारात थर्मामीटर ठेवून पाहतात. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान, माणसाच्या हिशेबाने तो तापच वाटेल. १०३ च्या वर गेला, खाणे सुटले, पू हिरवट झाला किंवा सूज पसरत चालली तर घरचा उपचार थांबवावा.

राहता राहिली न बुजणारी जखम. पंजाच्या दोन बोटांमध्ये बारीक भोक, त्यातून थोडा पातळ पू, आठ दिवसांत खपली आणि पुन्हा तेच. पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळले की हा प्रकार पाहावा. कुसळाचे टोक अणकुचीदार आणि केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकते. पायातून शिरून वर घोट्यापर्यंत, कानातून पडद्यापर्यंत जाते. अशा भोकावर वरून मलम लावत राहण्यात अर्थ नसतो. भूल देऊन कुसळ काढावे लागते, आणि ते निघाले की भोक आपोआप बुजते.